लिथुआनियांतील नवे ‘पेगन’ आणि त्यांजविषयीं निरनिराळ्या धर्मीयांचीं मतें

जुन्या प्रवचनांत व धर्मशिक्षणाच्या जुन्या पुस्तकांत ‘पेगन’ हा शब्द वाचकांच्या दृष्टीस केव्हां ना केव्हां पडला असेलच. मराठींत त्याबद्दल ‘मूर्तिपूजक’ हा शब्द योजीत, आणि तो ऐकतांना ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें बहुधा शेजारच्या आळींतील माणसेंच उभीं राहत. मूळ लॅटिन शब्दांत मूर्तीचा कांहीं संबंध नाहीं. ‘पागानुस’ म्हणजे खेड्यांत राहणारा मनुष्य. रोमन साम्राज्यांत नगरें आधीं ख्रिस्ती झालीं, खेडीं मागाहून. म्हणून खेडवळ या अर्थाच्या शब्दास ‘अख्रिस्ती’ हा अर्थ चिकटला, असें पुष्कळ पंडित सांगतात. तात्पर्य, हें नांव त्या लोकांनीं स्वतः घेतलेलें नव्हे. दुसऱ्यांनीं त्यांस दिलेलें आहे.

परंतु गेल्या शंभर वर्षांत एक चमत्कारिक गोष्ट घडली आहे. ज्यांचे पूर्वज सहाशें, हजार वर्षांपूर्वीं स्नानसंस्कार घेऊन ख्रिस्तसभेंत आले, त्यांच्याच वंशजांपैकीं कांहीं लोक, आम्ही आपल्या जुन्या देवांकडे परत जातों, असें युरोपांत म्हणूं लागले आहेत. आइसलंडांत अशा एका मंडळास सरकारनें १९७३ सालीं मान्यता दिली, तेव्हां तेथील लूथरपंथी बिशपांनीं उघड विरोध केला होता. इंग्लंडांत जुन्या केल्टिक याज्ञिकांच्या नांवानें चालणाऱ्या ‘ड्रुइड नेटवर्क’ या मंडळाची २०१० सालीं धर्मादाय संस्था म्हणून नोंद झाली. अशीं उदाहरणें आणखीही देतां येतील. आम्ही मात्र येथें एकाच देशाची हकीगत सांगणार आहों, ती लिथुआनियाची. कारण तो देश कॅथलिकांचा आहे, आणि तेथें या नव्या ‘पेगन’ लोकांचा न्याय करण्याचा प्रसंग आमच्याच धर्मबंधूंवर आला.

बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील हा देश आज लहान आहे. त्याची लोकसंख्या तीस लाखही नाहीं. मध्ययुगांत मात्र त्याचें राज्य दक्षिणेस काळ्या समुद्राच्या बाजूपर्यंत पसरलें होतें. युरोपांतील सर्व राष्ट्रांच्या मागून ख्रिस्ती झालेलें राष्ट्र तें हेंच. मिंदाउगस नांवाच्या राजानें १२५१ सालीं स्नानसंस्कार घेतला व १२५३ सालीं पोपसाहेबांच्या अनुमतीनें मुकुट धारण केला. पण १२६३ सालीं त्याचा खून झाला आणि तो अध्याय तेथेंच संपला. पुढें गेदिमिनस हा राजा झाला. त्यानें व्यापाऱ्यांस, कारागिरांस व भिक्षूंस आपल्या राज्यांत येण्याविषयीं पत्रें धाडलीं, तेव्हां तो ख्रिस्ती होणार अशी सर्वत्र आशा उत्पन्न झाली. १३२४ सालीं पोपच्या वकिलांचे दूत त्याजकडे गेले. त्यांनीं आणलेलें उत्तर नमूद आहे. त्याचा आशय असा कीं, ख्रिस्ती लोकांनीं आपल्या रीतीनें देवाची उपासना करावी, रशियन लोकांनीं आपल्या, पोलिश लोकांनीं आपल्या, आणि आम्ही आमच्या. देव सर्वांचा एकच आहे. हें उत्तर आमच्या देशांतील एखाद्या गृहस्थानें ओटीवर बसून दिलें असतें तर कोणास नवल वाटलें नसतें. तथापि तें राज्य म्हणजे केवळ सहिष्णुतेचें माहेरघर होतें असें समजण्याचें कारण नाहीं. त्याच व्हिल्नियस नगरांत राहणाऱ्या फ्रान्सिस्कन भिक्षूंपैकीं कांहींस पुढें हौतात्म्य आलें.

या राज्याच्या सीमेवर ट्यूटॉनिक सरदारांचा धर्मसंघ ठाण मांडून बसला होता. हे सरदार व्रतस्थ होते आणि शस्त्रधारीही होते. ‘पेगन’ लोकांशीं युद्ध हेंच त्यांचें धर्मकार्य, आणि जिंकलेली भूमि हें त्यांचें वेतन. शंभराहून अधिक वर्षें त्यांच्या स्वाऱ्या चालल्या. अखेर १३८६ च्या फेब्रुवारींत लिथुआनियाचा अधिपति योगाइला यानें क्राकूव येथें स्नानसंस्कार घेतला, पोलंडची तरुण राणी याद्विगा हिच्याशीं विवाह केला, आणि दुसऱ्या वर्षीं आपल्या देशास ख्रिस्ती केलें. पोलिश इतिहासकार यान द्लुगोश लिहितो कीं, लोकांस गटागटानें नदीपाशीं उभें करीत, एकेका गटास एकच नांव देत, आणि प्रत्येकास लोकरीचा पांढरा सदरा मिळे. हें वाचतांना आम्हांस आमच्या उत्तर कोंकणाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. येथेंही १५३४ च्या तहानें वसई पोर्तुगीजांकडे गेल्यावर गांवेंच्या गांवें ख्रिस्ती झालीं, आणि एकाच धर्मपित्याचें आडनांव कित्येक घरांस मिळालें. तीं आडनांवें आपण आजही मोठ्या अभिमानानें लावतों.

आतां देश ख्रिस्ती झाला म्हणजे धर्मयुद्ध थांबावें, असें कोणासही वाटेल. तें थांबलें नाहीं. हें धर्मांतर खोटें आहे, असें म्हणून सरदारांनीं आपलें काम चालूच ठेविलें. विशेषतः झेमाइतिया हा पश्चिमेकडील प्रांत त्यांस हवा होता, आणि तेथील लोक अद्यापि जुन्या धर्माचे होते. १४१० च्या १५ जुलैस ग्रुनवाल्ड येथें पोलंड व लिथुआनिया यांच्या संयुक्त सैन्यानें या सरदारांचा मोड केला. तेव्हां वाद रणांगणावरून उठला आणि कॉन्स्टन्स येथील धर्मपरिषदेपुढें गेला.

या ठिकाणीं आम्ही थोडे अधिक थांबणार आहों. १४१४ ते १४१८ पर्यंत भरलेली ही परिषद एका वेळीं तीन पोप असल्याचा घोळ मिटविण्यासाठीं भरली होती, आणि हिनेंच १४१५ च्या ६ जुलैस यान हुस यास जाळण्याचा मार्ग मोकळा केला. अशा परिषदेपुढें पोलंडच्या राजाचा वकील म्हणून क्राकूव विद्यापीठाचा कुलगुरु पावेल व्लोद्कोविच उभा राहिला. तो धर्मशास्त्राचा पंडित व स्वतः धर्मगुरु होता. त्यानें प्रश्न केला तो असा: जे लोक शांतपणें आपल्या भूमींत राहतात, ते ख्रिस्ती नाहींत एवढ्याच कारणावरून त्यांची भूमि, त्यांचें राज्य व त्यांची मालमत्ता हिरावून घेण्याचा अधिकार ख्रिस्ती राजास आहे काय? 

या प्रश्नावर ख्रिस्तसभेंतच पूर्वीं दोन मतें झालीं होतीं. सेगूसियोचा हेन्री या विख्यात कार्डिनलाचें म्हणणें असें कीं, प्रभु ख्रिस्ताच्या आगमनानंतर अख्रिस्ती लोकांचा सर्व राज्याधिकार ख्रिस्ती लोकांकडे आला. उलट पोप चौथा इनोसंट यानें असें म्हटलें होतें कीं, मालमत्ता व राज्याधिकार हे परमेश्वरानें सर्व मनुष्यजातीसाठीं निर्माण केले आहेत, तेव्हां ते अख्रिस्ती लोकांजवळही न्यायानें असूं शकतात. व्लोद्कोविचनें पोपचें मत धरलें आणि तें त्याच्याही पुढें नेलें. श्रद्धा ही मनाची खुषी आहे, जुलमानें दिलेली श्रद्धा ही श्रद्धाच नव्हे, आणि तिच्या नांवानें केलेली लूट ही लूटच होय, असा त्याच्या युक्तिवादाचा मथितार्थ आहे. १४१५ च्या अखेरीस झेमाइतियाचे लोक स्वतःच परिषदेपुढें आले. त्यांनीं जें गाऱ्हाणें मांडलें तें १४१६ च्या फेब्रुवारींत वाचलें गेलें. आम्हांस धर्म नको असें ते म्हणाले नाहींत. त्यांचें म्हणणें एवढेंच होतें कीं, हे सरदार आमच्या आत्म्यांसाठीं आलेले नाहींत, आमच्या जमिनींसाठीं आलेले आहेत. आम्हांस पाणी घालावयाचें तर तें दुसऱ्या कोणाच्या हातून घालावें.

परिषदेनें मूळ तत्त्वावर निकाल दिलाच नाहीं. प्रांताचें धर्मकार्य मात्र तिनें सरदारांकडे न देतां पोलंड व लिथुआनियाकडील बिशपांवर सोंपविलें, आणि १४१७ सालीं तेथें नवा धर्मप्रांत स्थापन झाला. व्लोद्कोविचचें नांव आमच्या लोकांस बहुधा ठाऊक नाहीं. अमेरिकेंतील इंडियन लोकांच्या बाजूनें स्पॅनिश धर्मगुरूंनीं केलेला वाद सर्वांस ठाऊक असतो; त्याच्या शंभर वर्षें आधीं हा वाद झाला होता.

स्नानसंस्कार झाला म्हणून जुन्या चाली एका दिवसांत जात नाहींत. लिथुआनियन भाषेंतील पहिलें छापील पुस्तक म्हणजे १५४७ सालची मार्तीनस माझ्वीदस या लूथरपंथी गृहस्थाची प्रश्नोत्तरावली. तिच्या प्रस्तावनेंत अद्यापि पेर्कूनस या गर्जनेच्या देवास भजणाऱ्या लोकांविषयीं तक्रार आहे. १५६९ सालीं जेझुइट व्हिल्नियस येथें आले, त्यांनींही खेड्यांतून अशाच गोष्टी पाहिल्या. पुढें या चाली ख्रिस्ती घरांतच मुरल्या. नाताळच्या आदल्या रात्रीं लिथुआनियन कुटुंब मेजावर गवत पसरून त्यावर वस्त्र घालतें व मांसाहार नसलेले बारा पदार्थ मांडतें. मृतांसाठीं एक जागा रिकामी ठेवण्याचीही चाल आहे. २४ जूनच्या, संत जॉनच्या रात्रीं तरुण मंडळी फुलांच्या माळा डोक्यांवर घालून अग्नीभोंवतीं गाते. त्याच दिवशीं आमच्या गोव्यांत सांजांवाला लोक फुलांचे ‘कोपेल’ डोक्यावर घालून विहिरींत उड्या टाकतात. एकीकडे लहान रात्रीचा उन्हाळा, दुसरीकडे भरला पावसाळा. संत मात्र एकच.

आपल्याकडे या बाबतींत कडक उपाय झाले नाहींत असें नाहीं. गोव्याच्या इन्क्विझिशननें १७३६ सालीं हुकूम काढून नवख्रिस्ती लोकांच्या लग्नांतील व घरांतील कित्येक चाली बंद केल्या होत्या. तरी आमच्या ईस्ट इंडियन बांधवांच्या लग्नांत उंबराचें पाणी आजही आणतात, आणि आणणारांच्या श्रद्धेंत त्यामुळें कांहीं उणें येत नाहीं.

आणखी एक गोष्ट भाषेची. लिथुआनियन भाषेचें संस्कृताशीं जें साम्य आहे तें पाहून युरोपांतील भाषापंडित चकित झाले. तिकडे अग्नीस ‘उग्निस’ म्हणतात, धूरास ‘दूमस’, मुलास ‘सूनुस’, दांतास ‘दांतिस’. आमच्या संस्कृत शब्दकोशांत अग्नि, धूम, सूनु, दंत हे शब्द आहेतच. आणि देवास ते म्हणतात ‘दिएवस’. हा जुन्या धर्मांतला शब्द होय. तोच घेऊन तेथील कॅथलिक मनुष्य सहाशें वर्षें मिस्साबलिदानांत प्रार्थना करीत आला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनीं १६१६ सालीं छापलेल्या क्रिस्तपुराणांत स्वर्गास वैकुंठ म्हटलें, तेंही याच जातीचें.

आतां नव्या ‘पेगन’ लोकांकडे वळूं. लिथुआनिया १९४० सालीं सोव्हिएट रशियानें गिळंकृत केला. मध्यंतरीं तीन वर्षें जर्मनांचा अंमल होता. मग पुनः रशियाचा. देवळें बंद पडलीं, बिशप तुरुंगांत किंवा नजरकैदेंत गेले. शाउलाय गांवाजवळ भाविकांनीं क्रूसांची एक टेकडी उभारली होती, ती १९६१ सालीं यंत्रें लावून सपाट केली. लोकांनीं पुनः क्रूस रोंवले. १९७२ सालापासून कॅथलिकांच्या छळाचा वृत्तांत देणारी एक गुप्त पत्रिका टंकलिखित स्वरूपांत निघूं लागली, आणि १९८९ पर्यंत तिचे ८१ अंक निघाले. तिचे संपादक फादर सिगितस ताम्केविचुस यांस १९८३ सालीं कैद झाली; पुढें ते आर्चबिशप व २०१९ सालीं कार्डिनल झाले.

हें आपल्या लोकांस थोडेंबहुत ऐकून ठाऊक असेल. परंतु त्याच काळांत १९६७ सालीं केर्नावे येथील जुन्या किल्ल्यांच्या टेकड्यांवर कांहीं विद्यार्थ्यांनीं व लोकगीतांच्या अभ्यासकांनीं ‘रासोस’ म्हणजे दंवाचा सण जाहीरपणें साजरा केला, आणि त्यांतून ‘रामुवा’ नांवाचें मंडळ निघालें, हें फारसें कोणास ठाऊक नाहीं. मंडळाचे पुढारी योनास त्रिंकूनस. मंडळ १९७१ सालीं बंद करण्यांत आलें, आणि १९७३ सालीं त्रिंकूनस यांस व्हिल्नियस विद्यापीठांतून काढून टाकलें. सरकारच्या दृष्टीनें क्रूस रोंवणारी बाई आणि अग्नीभोंवतीं जुनीं गाणीं गाणारा विद्यार्थी यांत मोठा भेद नव्हता. दोघांचीही पाळत तींच माणसें ठेवीत.

स्वातंत्र्य मिळाल्यावर १९९२ सालीं ‘रोमुवा’ या नांवानें धार्मिक मंडळाची नोंद झाली. त्यांचे विधि साधे असतात: दगडी वेदीवर अग्नि, मीठ, धान्य, फुलें, आणि ‘दाइनोस’ म्हणजे लोकगीतें. पेर्कूनस हा गर्जनेचा देव, झेमीना ही भूमाता, अग्नीची देवता गाबिया. २००२ सालीं व्हिल्नियसच्या गेदिमिनस टेकडीवर त्रिंकूनस यांस ‘क्रिविस’ म्हणजे मुख्य याज्ञिक म्हणून अभिषेक झाला. २०१३ सालीं राष्ट्राध्यक्षांनीं त्यांस गेदिमिनसच्या नांवाचा मानाचा बिल्ला दिला, आणि २०१४ च्या जानेवारींत ते वारले. त्यांच्या मागें त्यांच्या पत्नी इनिया या मुख्य याज्ञिका झाल्या. २०११ च्या जनगणनेंत ५,११८ लोकांनीं आपला धर्म जुना बाल्टिक असा लिहिला. त्याच जनगणनेंत कॅथलिक शेंकडा ७७ होते.

या मंडळीवर विद्वानांचा मुख्य आक्षेप असा कीं, हा धर्म जुना नसून नव्यानें जोडलेला आहे. आक्षेप खरा आहे. ‘रोमुवा’ हें नांवच पहा. प्रशियांतील ‘रोमोव’ या पवित्र स्थानाचा व तेथील ‘क्रिवे’ नामक याज्ञिकाचा उल्लेख कोठें सांपडतो, तर ट्यूटॉनिक संघाचा धर्मगुरु डुसबुर्गचा पीटर यानें १३२६ सालीं लिहिलेल्या बखरींत. ज्यांनीं तो धर्म तरवारीनें बुडविला त्यांच्याच बखरींतून त्याच्या नव्या अनुयायांस आपलें नांव घ्यावें लागलें! बाकीची सामग्री त्यांनीं लोकगीतांतून, म्हणजे कॅथलिक आजीबाईंच्या तोंडून गोळा केली. परंतु हा आक्षेप अपुराही आहे. नवेपणा हा धर्मावर घ्यावयाचा आक्षेप नव्हे. रोमन ग्रंथकार स्वेतोनियस यानें पहिल्या ख्रिस्ती लोकांस हाच दोष दिला होता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘आमच्या वंशाचा धर्म, आमच्या भूमीचा देव’ ही भाषा युरोपांत एकदां बोलली गेली आहे. पोप अकरावे पायस यांनीं जर्मन कॅथलिकांस लिहिलेलें पत्र १९३७ सालच्या झावळ्यांच्या रविवारीं जर्मनींतील देवळांतून वाचलें गेलें. त्यांत वंश व राष्ट्र यांस देवाच्या जागीं बसविणाऱ्या नव्या ‘पेगन’ विचाराचा स्पष्ट निषेध आहे. पुढें काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. खुद्द लिथुआनियांतील दर शंभर ज्यू लोकांपैकीं नव्वदांहून अधिक मारले गेले. म्हणून अशा शब्दांनीं एखाद्या ज्यू वाचकाचें मन शंकित झालें तर त्यास दोष देतां येणार नाहीं. रोमुवाच्या मंडळीस मात्र नाझींच्या रांगेंत बसविणें अन्याय होईल. वेदीवर मीठ टाकून आपल्या पितरांचें स्मरण करणें, आणि शेजाऱ्याचा जीव घेणें, यांमध्यें बरेंच अंतर आहे. तरी ही भीति आमच्या बिशपांच्या मनांत उगीच आलेली नाहीं, एवढें लक्षांत ठेवावें.

हिंदु लोकांचें मत निराळें. त्यांपैकीं पुष्कळांस ही मंडळी दूरचे भाऊबंद वाटतात: अग्नि तोच, देव शब्द तोच. लिथुआनियन ग्रंथकार विदूनस (१८६८ ते १९५३) यांसही भारतीय तत्त्वज्ञानाची मोठी ओढ होती, आणि रोमुवाचे लोक त्यांस आपल्या पूर्वसूरींत गणतात. १९९८ सालीं व्हिल्नियस येथें अशा धर्मांची जागतिक सभा स्थापन झाली. तिनें ‘पेगन’ हें नांव न घेतां ‘वांशिक धर्म’ हें नांव घेतलें. २००३ सालीं आमच्या मुंबईंत, आणि २००९ सालीं नागपुरास, जगांतील प्राचीन परंपरांच्या वडीलधाऱ्यांच्या परिषदा भरल्या. आमचें मत विचाराल तर या आपुलकींत सच्चा भाग बराच आहे. आणि कोठें कोठें, ख्रिस्ती धर्म म्हणजे परका, त्यास बाहेर काढा, असें म्हणण्याची सोयही आहे. पहिल्या भागाचें आम्हांस कौतुक वाटतें. दुसरा भाग वाचतांना आम्ही सावध होतों. कारण तेथें ज्यास परका म्हणावयाचें तो येथें आम्हीच असतों.

आतां कायद्याचा भाग. लिथुआनियाच्या १९९५ च्या कायद्यानें नऊ धर्मसमाज ‘परंपरागत’ ठरविले: लॅटिन व ग्रीक विधींचे कॅथलिक, दोन प्रॉटेस्टंट पंथ, ऑर्थोडॉक्स, जुने श्रद्धावंत, ज्यू, सुन्नी मुसलमान व कराइम. इतर मंडळांस नोंदणीनंतर पंचवीस वर्षांनीं संसदेकडे मान्यता मागतां येते. लोकांचा आधार असावा, व शिकवण कायद्यास आणि नीतीस सोडून नसावी, एवढ्या अटी. रोमुवानें २०१७ सालीं अर्ज केला. न्यायखात्यानें पाहणी करून अटी पुऱ्या होतात असा अभिप्राय दिला. कॅथलिक बिशपांच्या परिषदेनें मात्र सभासदांस पत्र धाडून आपला आक्षेप कळविला, आणि २०१९ च्या जूनमध्यें संसदेनें मान्यता नाकारली. विरोधी मतांपेक्षां अनुकूल मतें अधिक होतीं. तटस्थ राहिलेल्यांमुळें ठराव पडला.

रोमुवा स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयांत गेली. २०२१ च्या ८ जूनला न्यायाधीशांनीं एकमतानें निकाल दिला कीं, लिथुआनियानें या मंडळाशीं पक्षपात केला. देशांत एका धर्माचें बहुमत आहे, किंवा त्या धर्माशीं या मंडळाचें पटत नाहीं, हें मान्यता नाकारण्याचें कारण होऊं शकत नाहीं; सरकारनें तटस्थ राहिलें पाहिजे, असें न्यायालयानें म्हटलें. योगायोग असा कीं, ज्या याद्विगा राणीच्या विवाहानें लिथुआनिया ख्रिस्ती झाला तिला पोप दुसरे जॉन पॉल यांनीं संतपद दिलें तेंही १९९७ सालच्या ८ जूनलाच.

बिशपांचा कल आम्हांस समजतो. पन्नास वर्षें छळ सोसून उभी राहिलेली ख्रिस्तसभा. तिची मुलें आतां देवळांतून कमी होत चाललेलीं. अशा वेळीं आपल्याच नातवंडांनीं, तुम्ही आमच्यावर तरवारीनें लादलेले, असें म्हणावें, हें कोणाही वडिलांस झोंबेल. त्यांत तें अर्धसत्य आहे. १३८७ चें धर्मांतर सरदारांच्या तरवारीनें झालेलें नव्हे, लिथुआनियाच्या स्वतःच्या राजानें केलेलें आहे. पण राजानें केलें, प्रजेस विचारलें नाहीं, हेंही खरेंच. तथापि झोंबणें वेगळें व हक्क नाकारणें वेगळें. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ च्या डिसेंबरांत धर्मस्वातंत्र्याविषयीं जो जाहीरनामा काढला, त्यांत असें सांगितलें आहे कीं, एखाद्या देशांत विशिष्ट धर्मसमाजास कायद्यानें खास स्थान असलें तरी इतर सर्वांचे हक्क मानले गेले पाहिजेत. तो जाहीरनामा आमच्यासाठीं वाचायचा व इतरांच्या बाबतींत मिटून ठेवायचा, असें करतां येणार नाहीं. २०११ च्या जनगणनेप्रमाणें आम्ही ख्रिस्ती लोक भारतांत शेंकडा सव्वादोन, आणि महाराष्ट्रांत शेंकडा एकही भरत नाहीं. आम्ही घटनेच्या पंचविसाव्या कलमाकडे बोट दाखवितों तें या आधारावर कीं, हक्क डोक्यांच्या संख्येवर मोजीत नाहींत. तेंच माप पांच हजार लिथुआनियन माणसांस लागूं होतें. आणि आमच्याच धर्मगुरूनें, जेव्हां असें बोलण्यानें कांहीं लाभ नव्हता तेव्हां, कॉन्स्टन्सच्या परिषदेंत तें बोलून ठेविलें आहे. याचा अर्थ पेर्कूनस आणि परमेश्वर सारखेच, असा नव्हे. व्लोद्कोविचलाही तसें वाटत नव्हतें.

निकालानंतर लगेच कांहीं झालें नाहीं. २०२३ सालीं संसदेपुढें प्रश्न पुनः आला आणि पुनः पडला. निवडणुका होऊन नवी संसद आली, आणि २०२४ च्या डिसेंबरांत तिनें रोमुवास मान्यता दिली. या मान्यतेनें त्यांस मिळालें तें मोठें वैभव नव्हे. शाळेंत पालकांनीं मागितल्यास आपल्या धर्माचें शिक्षण देतां येतें, आणि त्यांच्या याज्ञिकानें अग्नीच्या वेदीपुढें लाविलेला विवाह सरकारी दप्तरांत विवाह म्हणून धरला जातो. आमच्या देवळांत लागलेल्या विवाहाची नोंद १८७२ च्या ख्रिस्ती विवाहाच्या कायद्यानें होते, तशीच.